विजापूरकरांची ‘ग्रंथमाला’ आणि आजचा शोधनिबंध

कसबा बावड्यांतील एका तरुण गृहस्थांनीं गेल्या पावसाळ्यांत आमच्या हातीं एक छापील अंक आणून दिला. हे गृहस्थ एका महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर मराठी शिकवितात. त्यांच्या आजीस जात्यावरच्या पुष्कळ ओंव्या पाठ होत्या. आजी गेल्यावर त्यांतील मोजक्याच आपणांपाशीं उरल्या, ही हळहळ मनास लागून त्यांनीं बावड्यांत व पंचगंगेच्या कांठच्या गांवीं वृद्ध स्त्रियांपाशीं बसून ओंव्या टिपून घेण्यास आरंभ केला. तीन वर्षांत सात वह्या भरल्या. कोणती ओंवी कोणीं सांगितली, तिचें माहेर कोणतें, एकाच ओंवीचीं दोन घरांतील रूपें कोठें वेगळीं होतात, ऊस व साखर कारखाना आल्यावर जुन्या ओंवींत कोणते नवे शब्द शिरले, हें सारें त्या वह्यांत आहे. काम मोलाचें आहे, हें वह्या चाळणाऱ्या कोणासही सांगावें लागणार नाहीं.

त्या वह्यांतून निघालेला निबंध आमच्या हातांतील अंकांत पांच पानांत छापलेला होता. अंकावर ‘आंतरराष्ट्रीय’, ‘बहुभाषिक’ आणि ‘बहुविद्याशाखीय’ अशीं तीन विशेषणें होतीं. निबंधाच्या अगोदर कुक्कुटपालनावरील लेख होता व नंतर बँकांच्या थकित कर्जांवरील. पानांची मर्यादा सांभाळण्यासाठीं ओंव्यांचीं चरणें मोडून त्या गद्यासारख्या सलग छापल्या होत्या. जोडाक्षरें फुटलीं होतीं. ओंवी सांगणाऱ्या स्त्रियांचीं नांवें जागेच्या अभावीं गाळलीं होतीं. मुद्रितें तपासण्यास पाठविलीं नव्हतीं. शुल्क भरल्यापासून सहाव्या दिवशीं मात्र निबंध स्वीकारल्याचें पत्र बिनचूक आलें होतें. अंकाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. त्याच्या जातीचे अंक पुष्कळ आहेत. गृहस्थांनीं विचारलें, “हें छापून आलें, पण वाचलें कोणीं? आमच्यासारख्यांना छापण्याच्या संधि आहेत तरी कोठें?” त्या प्रश्नाचा विचार करावा म्हणून हा लेख लिहिला आहे.

वरवर पाहतां उत्तर सोपें आहे. छापण्याच्या संधि आज पूर्वींपेक्षां कितीतरी पटींनीं अधिक आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० सालीं अध्यापकांच्या नेमणुकीच्या व बढतीच्या नियमांत छापलेल्या निबंधांस गुण ठरवून दिले. २०१६ च्या नियमांनीं पीएच. डी. चा प्रबंध सादर करण्यापूर्वीं एक तरी निबंध तज्ज्ञांनीं परीक्षिलेल्या नियतकालिकांत छापलेला असणें आवश्यक केलें. मागणी उत्पन्न होतांच पुरवठा करणारे पुढें आले, यांत नवल नाहीं. आयोगानें २०१७ सालीं मान्य नियतकालिकांची यादी काढली. २०१८ च्या मे महिन्यांत त्या यादींतून ४,३०५ नांवें गाळावीं लागलीं. पुढें ‘केअर’ या नांवाची दुसरी, अधिक कडक यादी आली. २०२२ च्या नियमांत पीएच. डी. पूर्वीं निबंध छापण्याची सक्ति उरली नाहीं, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं ‘केअर’ यादीही बंद करण्याचा निर्णय आयोगानें घेतला. तो २०२५ च्या फेब्रुवारींत जाहीर झाला. योगायोग असा कीं, त्याच ३ ऑक्टोबरला केंद्रीय मंत्रिमंडळानें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास संमति दिली. म्हणजे ज्या दिवशीं भाषेचा गौरव झाला, त्याच दिवशीं तिच्यांतील संशोधन कोठें छापावें हें ठरविण्याचा भार यादीवरून निघून विद्यापीठांच्या व अभ्यासकांच्या शिरावर आला.

आमच्या मतें हा भार येणें इष्टच होतें. यादी हातांत असतां कोणासही अंक उघडून पाहण्याची गरज भासत नव्हती. नियतकालिकास आठ आंकड्यांचा आयएसएसएन क्रमांक असला कीं तें प्रतिष्ठित, अशीही एक समजूत पसरली आहे. हा क्रमांक नियतकालिकाची ओळख पटविण्यापुरता असतो; आंतील मजकुराच्या योग्यतेविषयीं तो कांहींच सांगत नाहीं. योग्यता ठरविण्यास मजकूर वाचावा लागतो, आणि तें काम यादीस किंवा क्रमांकास करतां येत नाहीं. तेव्हां छापण्याची संधि म्हणजे नेमकें काय, हें पाहण्यासाठीं सव्वाशें वर्षें मागें, पण याच करवीरांत जाणें उपयोगाचें होईल.

विष्णु गोविंद विजापूरकर यांचा जन्म १८६३ सालचा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत ते संस्कृतचे अध्यापक होते. त्यांनीं १८९४ सालीं ‘ग्रंथमाला’ हें मासिक सुरू केलें. नांवांतच त्याचा हेतु स्पष्ट आहे. मराठींत ज्ञानाचे ग्रंथ व्हावेत, पण ग्रंथ छापण्याइतकें द्रव्य लेखकापाशीं नसतें आणि विकत घेण्याइतकें एकदम वाचकापाशीं नसतें. यावर उपाय म्हणून दरमहा ग्रंथाचा कांहीं भाग छापावा, वर्गणीदारानें ते भाग सांठवावे व पूर्ण झाल्यावर बांधून घ्यावे, अशी त्या काळच्या अशा मासिकांची रीत होती. या रीतीनें दोन गोष्टी साधत. विषयास लागेल तितकी जागा मिळे. आणि पुढील भाग निघण्यापूर्वीं मागील भाग वाचून झालेला असे, त्यामुळें लेखकाच्या चुका त्याचा ग्रंथ पुरा होण्याआधींच त्याच्या कानीं येण्याची सोय होती.

या मासिकाच्या पानांतून काय निघालें, याचें एक उदाहरण पुरे आहे. विनायक लक्ष्मण भावे हे ठाण्याचे गृहस्थ. ते कोठेंही मराठीचे अध्यापक नव्हते. त्यांचा व्यवसाय मिठाचा. १८९३ सालीं ठाण्यांत मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापण्यांत त्यांचा पुढाकार होता. या तरुणाचा जुन्या मराठी कवींविषयींचा ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा प्रबंध १८९८-९९ सालीं ‘ग्रंथमालें’त प्रसिद्ध झाला. त्या वेळीं लेखकाचें वय सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचें होतें. पुढें वीस वर्षें भावे या एकाच विषयाचा पाठपुरावा करीत राहिले. जुन्या कविता छापण्यासाठीं त्यांनीं १९०३ सालीं ‘महाराष्ट्र कवि’ हें मासिकही काढलें. १९१९ सालीं त्या लहान प्रबंधाचा मोठा ग्रंथ होऊन बाहेर आला, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा अभ्यास करणारास तो आजही टाळून पुढें जातां येत नाहीं.

या दोन रूपांतील अंतर पाहण्यासारखें आहे. महानुभावांचें वाङ्मय सांकेतिक लिपींत बंदिस्त असल्यामुळें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तें पंथाबाहेरच्या अभ्यासकांस जवळजवळ अज्ञात होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे, भावे प्रभृतींच्या परिश्रमानें त्या लिपीचा उलगडा झाला, आणि मराठी गद्याचा आरंभ कोठें मानावयाचा हा प्रश्नच नव्यानें मांडावा लागला. १८९९ चा प्रबंध या बाबतींत अपुरा असणें अपरिहार्य होतें. तो अपुरा असतांही छापला गेला, म्हणून तो कोठें अपुरा आहे हें लेखकास व इतरांस कळूं शकलें. ग्रंथांत दोष आहेत. भाव्यांची लेखणी आवडत्या कवीपाशीं रेंगाळते व नावडत्यास चार ओळींत वाटेस लावते, कालनिर्णयांत पुढील संशोधकांनीं पुष्कळ दुरुस्त्या केल्या, शं. गो. तुळपुळे यांस त्याला स्वतंत्र पुरवणी जोडावी लागली. पण दुरुस्त करण्यास कांहीं तरी पुढें असावें लागतें. आज सहा दिवसांत स्वीकारल्या गेलेल्या निबंधास कोणी पुरवणी जोडील काय? त्यास कोणी खोडूनही काढीत नाहीं, आणि संशोधनाच्या दृष्टीनें याहून मोठी उपेक्षा नाहीं.

राजवाड्यांचेंही तसेंच. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या त्यांच्या बावीस खंडांपैकीं पहिला १८९८ सालीं निघाला. पुढील साधनांपैकीं कांहीं भाग छापण्यास त्यांना ‘ग्रंथमाले’चाच आश्रय झाला. नोकरी नाहीं, सरकारी अनुदान नाहीं, आणि मराठीखेरीज दुसऱ्या भाषेंत लिहावयाचें नाहीं हा बाणा. अशा माणसाच्या जुन्या कागदपत्रांसाठीं महिन्यामागून महिना पानें राखून ठेवणें ही संपादकाची केवढी हिंमत! विजापूरकर, भावे व राजवाडे हे तिघेही १९२६ या एकाच सालीं निवर्तले. एकानें जागा दिली आणि दोघांनीं ती भरली, असा हा मेळ होता.

संपादकाची जबाबदारी त्या काळीं नुसती कागदावर नव्हती. विजापूरकरांच्या प्रेरणेनें निघालेल्या ‘विश्ववृत्त’ मासिकांत १९०८ सालीं पंडित सातवळेकरांचा वेदांतील प्रार्थनांवरील लेख आला. सरकारास त्यांत राजद्रोह दिसला, आणि विजापूरकर व संपादक वामन मल्हार जोशी यांस तीन वर्षांची शिक्षा भोगावी लागली. दुसऱ्याचा लेख छापल्याबद्दल तुरुंगांत जाणें ही टोकाची गोष्ट झाली. कोणत्याही संपादकावर तसा प्रसंग न येवो. पण छापलेल्या शब्दास आपण उत्तरदायी आहों, एवढी जाणीव तरी मुखपृष्ठाच्या आंत ज्यांचीं नांवें संपादक मंडळ म्हणून ओळीनें छापलेलीं असतात त्यांस असावयास हवी. त्यांतील किती जणांनीं अंक पाहिलेला असतो, हें त्यांचें त्यांसच ठाऊक.

येथपर्यंत आम्हीं ‘ग्रंथमाले’ची स्तुतीच केली. आतां दुसरी बाजू सांगितली पाहिजे, आणि ती बावड्यांत बसून लिहिणारानें तर विसरतांच कामा नये. याच बावड्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यांत २६ जून १८७४ रोजीं शाहू महाराजांचा जन्म झाला. वेदोक्त प्रकरणांत विजापूरकर व त्यांचें ‘समर्थ’ हें पत्र महाराजांच्या विरुद्ध बाजूस उभें राहिलें. ज्ञान मातृभाषेंत आणावें असें तळमळीनें सांगणारा हा विद्वान, तें ज्ञान कोणाच्या दारीं जावें व कोणाच्या घरून यावें या प्रश्नापाशीं आपल्या वर्गाच्या कुंपणांत थांबला. जात्यावर ओंव्या म्हणणाऱ्या शेतकरी आजीचा नातू वह्या घेऊन त्या काळीं त्यांच्याकडे गेला असता, तर त्याचें स्वागत झालें असतें काय? होय असें खात्रीनें म्हणवत नाहीं. त्या नातवास मुळांत लिहितांच येऊं नये अशी जी समाजस्थिति होती, ती पालटण्यासाठीं महाराजांनीं शाळा व वसतिगृहें काढलीं. आज बावड्याचा तरुण महाविद्यालयांत मराठी शिकवितो हें त्या परंपरेचें फळ आहे, ‘ग्रंथमाले’चें नव्हे.

आणि दार अडविणारे नेहमीं विरुद्ध पक्षाचेच असतात असेंही नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. ‘दीनबंधु’ हें पत्र त्यांच्याच चळवळीचें आणि त्याचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे त्यांचे सहकारी. तरी आरंभींचीं दोन प्रकरणें छापून त्यांनीं पुढील मजकूर छापण्याचें नाकारलें. तो संपूर्ण ग्रंथ छापील रूपांत वाचकांपुढें यावयास लेखकाच्या मृत्यूनंतर कित्येक दशकें जावीं लागलीं. संपादकाच्या निवडीवर सर्वस्वीं विसंबण्यांत हा धोका आहे, आणि याच कारणानें गुण, यादी, क्रमांक अशी व्यक्तिनिरपेक्ष पद्धति असावी असें शहाण्या माणसांस वाटलें. त्यांचा हेतु न्यायाचा होता. चूक एवढीच झाली कीं, पक्षपात टाळण्याच्या नादांत वाचणेंच टळलें. पूर्वीं दार अरुंद होतें, पण आंत कोणीतरी बसलेलें असे. आज तें सताड उघडें आहे आणि आंत शुल्काची पावती फाडणारा तेवढा आहे.

या दोहोंच्या मधली एक वाटही कोल्हापुरानें पाहिली आहे. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये हे बेळगांव जिल्ह्यांतील सदलग्याचे. जन्म १९०६ चा, घरची भाषा कानडी. १९३० सालीं ते राजाराम कॉलेजांत अर्धमागधीचे अध्यापक झाले व तीस वर्षांहून अधिक काळ तेथें राहिले. प्राकृत ग्रंथांची चिकित्सक संपादनें छापण्यास कोण पुढें येणार? त्यांस वाचक थोडे, आणि खर्च फार. तें काम जैन व्यापाऱ्यांच्या दानावर चालणाऱ्या ग्रंथमालांनीं केलें. उपाध्यांचें ‘प्रवचनसार’ १९३५ सालीं मुंबईच्या रायचंद्र जैन शास्त्रमालेंत निघालें. ‘बृहत्कथाकोश’ १९४३ सालीं व ‘कुवलयमाला’ १९५९ सालीं सिंघी जैन ग्रंथमालेंत. या ‘कुवलयमाले’चें महत्त्व मराठीच्या अभ्यासकास सांगावयास नको, आठव्या शतकांतील त्या ग्रंथांत निरनिराळ्या देशच्या व्यापाऱ्यांच्या बोलींचे जे मासले आहेत, त्यांत मरहट्ट्यांचाही आहे. मराठीचें प्राचीनत्व सांगतांना आपण ज्या पुराव्यांवर बोट ठेवतों, त्यांतील एक अशा रीतीनें कोल्हापुरांत बसून शुद्ध करण्यांत आला. पुढें हीरालाल जैन यांच्या समवेत उपाध्ये स्वतः सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे संपादक झाले, आणि ज्या सोयीचा त्यांस लाभ झाला ती त्यांनीं इतरांस करून दिली. द्रव्य एकाचें, परीक्षण दुसऱ्याचें आणि लेखन तिसऱ्याचें. देणाऱ्यानें निवडींत हात घालावयाचा नाहीं व लेखकानें छपाईसाठीं पैसे मोजावयाचे नाहींत. चांगल्या संधीचें लक्षण आमच्या मतें हेंच आहे.

आजच्या अभ्यासकास अशी ठिकाणें अगदींच नाहींत असें नाहीं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० ची, मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाची १९४८ ची. दोन्ही संस्थांच्या पत्रिकांनीं निखळ संशोधनास जागा दिली. वाईचें ‘नवभारत’ १९४७ पासूनचें, ‘अनुष्टुभ’ १९७७ पासूनचें, मराठी अभ्यास परिषदेचें ‘भाषा आणि जीवन’ १९८३ पासूनचें. यांत लेख आल्यास तो त्या विषयाचे चार जाणते लोक वाचतात आणि पटला नाहीं तर तसें लिहितात. ग्रंथरूपासाठीं १९६० सालीं स्थापन झालेलें राज्याचें साहित्य आणि संस्कृति मंडळ आहे. नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकास त्याचें अनुदानही मिळतें. लोकसाहित्यापुरतें बोलावयाचें तर सरोजिनी बाबर यांनीं लोकसाहित्य समितीच्या मालेंतून खेड्यापाड्यांतील गाणीं, सण व शब्द यांचे केवढे संग्रह छापून घेतले! शिवाजी विद्यापीठानेंही, १९६२ सालीं स्थापना झाल्यावर दहा वर्षांच्या आंत, आप्पासाहेब पवारांनीं संपादिलेलीं ताराबाईकालीन कागदपत्रें काढण्यास आरंभ केला होता.

ही ठिकाणें थोडीं आहेत, त्यांचे अंक वेळेवर निघतातच असें नाहीं, उत्तर यावयास महिने लागतात. आणि ज्याची नेमणूक दरवर्षीं नव्यानें व्हावयाची, त्या अध्यापकास थांबावयास सवड नसते. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तासिका तत्त्वावरील तरुणास ‘वीस वर्षें भाव्यांसारखी वाट पाहा’ असें सांगणें निर्दयपणाचें होईल. म्हणून दोष केवळ त्याच्या उतावीळपणास देतां येत नाहीं. पण एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एका जिल्ह्यांतील भाषा व इतिहास शिकविणारे अध्यापक वर्षाकाठीं अशा अंकांस जें शुल्क भरतात, त्यांतून एक साधें, नीट तपासलेलें त्रैमासिक सहज चालेल. महाविद्यालयांनीं वर्गणी भरावी, दोघां-तिघां जाणत्यांनीं लेख वाचून आपल्या नांवानिशीं अभिप्राय द्यावा, दीर्घ विषयास क्रमशः जागा द्यावी, आणि लेखकाकडून पै घेऊं नये. विजापूरकरांपाशीं यापेक्षां अधिक सामग्री नव्हती. त्यांनीं ज्यांस बाहेर ठेवलें त्यांस आंत घेऊन त्यांचेंच काम करतां आलें, तर कोल्हापुरास दोन्ही परंपरांचें ऋण फेडल्यासारखें होईल.

आमच्या तरुण स्नेह्यास आम्हीं एवढेंच सुचविलें कीं, सात वह्यांचा निबंध करण्याच्या भरीस न पडतां एकच वही घ्यावी. ओंव्या चरणांप्रमाणें मांडाव्या. सांगणाऱ्या स्त्रियांचीं नांवें त्यांस विचारून जशींच्या तशीं द्यावीं. आणि ती वही एखाद्या जुन्या पत्रिकेच्या संपादकांकडे पाठवावी. त्यांनीं तसें केलें. चार महिने उत्तर आलें नाहीं. मग आलें तें दोन पानांचें. लेख स्वीकारला असें त्यांत म्हटलेलें नव्हतें. अकरा शंका क्रमांक घालून विचारल्या होत्या. एका ओंवींतील शब्द ऐकण्यांत चुकला असावा, तो पुन्हां विचारून पाहावा, असें सुचविलें होतें. आमचे स्नेही पत्र घेऊन घरीं आले तेव्हां त्यांच्या चर्येवर निराशा दिसेल असें आम्हांस वाटलें होतें. ते म्हणाले, “शब्द खरोखरच चुकला होता. काल नदीपलीकडे जाऊन आजीबाईंना विचारून आलों.” आणि त्यांनीं वही उघडून दुरुस्त केलेली ओळ आमच्यापुढें ठेवली.